वर गेलेली रेघ

सत्यशीलाबाईंचं पत्र मला मागच्या वर्षी फेब्रुवारीत आलं. मी त्याला उत्तर दिलं नाही. मी आजारी नव्हतो, गावाला गेलेलो नव्हतो, पत्रही गहाळ झालं नव्हतं. ते माझ्या टेबलाच्या खणात होतं आणि त्या टेबलाशी मी रोज सकाळी बसत होतो.

वहीतून फाडलेला कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. अक्षर ठसठशीत.

‘सर, मी आमच्या गावातल्या सात विहिरींचं पाणी दर पंधरा दिवसांनी टेपनं मोजते. तुमच्या पुस्तिकेतला आलेख बघून पंचायतीनं भिंतीवर तसाच आलेख रंगवला आहे. आकडे माझेच आहेत. माझ्या टेपप्रमाणे पाणी दरवर्षी खाली चाललं आहे आणि भिंतीवरची रेघ दरवर्षी वर चालली आहे. लोक म्हणतात पाणी वाढलं. आमच्या वस्तीच्या विहिरीजवळ टँकर भरायला बोअर घ्यायचा ठराव येणार आहे. खरं काय ते तुमच्या सहीनं दोन ओळीत लिहून द्या. माझं कोणी ऐकत नाही. सत्यशीला बुद्धभूषण दाभाडे.’

फक्त दोन ओळी मागितल्या होत्या. त्या मी निदान नऊ वेळा लिहिल्या आणि नऊही वेळा फाडल्या.

झालं होतं असं. एकतीस वर्षं मी भूजलाचे नकाशे आणि आलेख काढण्याचं काम केलं. हुद्दा अनुरेखक; साहेबांनी पेन्सिलीनं काढलेलं शाईनं गिरवायचं. विहिरीच्या पातळीचा आलेख काढताना आम्ही शून्य नेहमी वरच्या टोकाला लिहायचो. शून्य म्हणजे जमीन. पाणी जमिनीच्या खाली, म्हणून आकडे खाली वाढत जायचे आणि पाणी आटलं की रेघ खाली उतरायची. निवृत्तीनंतर इथं शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका संस्थेनं गावोगाव वाटायच्या पुस्तिकेसाठी नमुन्याचे आलेख काढायला मला बोलावलं. तिथले संचालक माझ्या मुलापेक्षा लहान होते. त्यांनी माझा कागद बघितला आणि म्हणाले, “काका, शून्य खाली घ्या ना. शाळेत सगळे आलेख खालून वरच असतात. लोकांना सवय असते.”

मला म्हणायचं होतं की साहेब, इथं मोजतोय ती खोली आहे. शून्य खाली घेतलं तर पाणी आटल्यावर रेघ वर जाईल. मी तोंडही उघडलं होतं. पण ते फोनवर बोलायला लागले आणि मी घरी येऊन शून्य खाली घेतलं. उभ्या अक्षावर मात्र बारीक अक्षरात लिहिलं, ‘जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली, मीटरमध्ये’.

म्हणजे माझा आलेख चुकीचा नव्हता. नऊही वेळा मी तेच लिहीत होतो. आलेख बरोबर आहे, अक्षावरचा मजकूर वाचावा. आणि सही करायची वेळ आली की वाटायचं, हे त्या बाईला कशाला सांगतोयस? तिला ते कळलेलंच आहे.

यंदा एकोणीस एप्रिलला पेपरात फोटो आला. फुलंब्री तालुक्यातलं तेच गाव, तीच भिंत. भिंतीवर हातभर रुंदीची निळी रेघ डावीकडून उजवीकडे डोंगरासारखी चढत गेलेली, आणि तिच्यापुढं हातात स्मृतिचिन्ह घेऊन सात-आठ माणसं. खाली छापलं होतं, ‘पाणीपातळी वाढवणारं गाव’.

माझी बायको सुरेखा चष्मा लावून माझ्या खांद्यावरून बघत होती. “तुम्ही काढलेलंच ना हे?”

“आकडे त्यांचे आहेत.”

“रेघ?”

मी पेपरची घडी घातली.

“अहो, वर्ष झालं त्या बाईच्या पत्राला. खण उघडता, बघता, बंद करता. देवघर आहे का ते? लिहायचं होत नसेल तर उठा आणि जाऊन सांगून तरी या. बसची पंचवीस-तीस किलोमीटर सुद्धा होत नाहीत तुमच्यानं?”

मी दुसऱ्या दिवशी गेलो. फुलंब्रीला बसमधून उतरून पुढं काळीपिवळीत बसलो. ऊन असं होतं की दाराचा पत्रा हाताला चटका देत होता.

पंचायतीसमोर उतरलो आणि पहिल्यांदा भिंतच बघितली. फोटोत दिसली नव्हती ती एक गोष्ट आता दिसली. उभ्या अक्षाच्या जागी खिडकी होती. पेंटरला बारीक अक्षराचा मजकूर लिहायला जागाच उरली नव्हती, म्हणून त्यानं तो गाळला होता आणि वर मोठ्या लाल अक्षरात स्वतःच्या मनानं लिहिलं होतं, ‘आपल्या गावाचे पाणी’. रेघेच्या टोकाला हसणारा थेंब काढला होता. थेंबाला मिशा होत्या.

ग्रामसेवक सोमनाथ खुर्चीवर होते. तिशीतला मुलगा, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. मी नाव सांगितलं. पुस्तिकेतले आलेख मी काढले असंही सांगितलं. पुढचं वाक्य मनात जुळवत होतो, तेवढ्यात ते उठून दाराशी गेले आणि ओरडले, “खंडेराव भाऊ, या इकडं! आपले चार्टवाले साहेब आलेत!”

खंडेराव उपसरपंच. रस्त्याकडेला त्यांचा टँकर उभा होता. उंच, पांढरेशुभ्र कपडे, बोलणं गोड. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. “साहेब, तुमच्यामुळं गावाचं नाव पेपरात आलं बघा. असं कसं न सांगता आलात? निदान बसा तरी.”

“मला जरा त्या आलेखाबद्दल...”

“आलेखाचंच तर म्हणतो मी. सोमनाथ, शाल हाय का रं कपाटात?”

शाल होती. बक्षीस समारंभातली उरलेली असावी. नारळ मात्र दुकानातून आणावा लागला. पाच मिनिटांत दहा-बारा माणसं जमली. मला त्या रेघेखाली उभं केलं, खांद्यावर शाल घातली, एकानं मोबाइलवर फोटो काढला आणि मी हात जोडले. एप्रिलची दुपार, अंगावर लोकरीची शाल, आणि मी हात जोडून उभा. ‘थांबा, हे उलटं आहे,’ हे चार शब्द काही अवघड नव्हते. मी म्हणालो, “आभारी आहे.”

गर्दीच्या मागं एक बाई उभी होती. हातात गुंडाळलेली टेप, तिच्या टोकाला लोखंडी नट बांधलेला. पस्तिशीची असेल. ती टाळ्या वाजवत नव्हती. लोक पांगल्यावर ती पुढं आली.

“जय भीम सर. मी सत्यशीला. तुम्हाला पत्र टाकलं होतं मागच्या वर्षी. पोचलं नसंल.”

तिनं मला सुटायला वाट करून दिली होती. मी म्हणालो, “पोचलं होतं.”

“बरं,” ती म्हणाली. “शाल काढा आता. घामाजलात.”

तिचं घर गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठावर. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. नवरा बुद्धभूषण पहाटेच शहरात कंपनीत गेलेला. सासू मनकर्णाबाई पडवीत शेंगा फोडत बसली होती. तिनं मला पाणी दिलं. तांब्या पाऊणच भरलेला होता आणि मी सगळं पिऊन टाकल्यावर मला ते लक्षात आलं.

“हेच का गं ते, उत्तर नाय आलेलं?” मनकर्णाबाईनं सुनेला विचारलं.

“आत्याबाई!”

“मी काय वाईट बोलले? आले ना आता. ऱ्हाता का दादा आजच्याला? उद्या मोजायचा दिवस हाय तिचा.”

मी राहिलो. सुरेखाला फोन केला तर ती म्हणाली, “राहा. औषधाची डबी पिशवीत घातलीय.” म्हणजे तिला आधीच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. सत्यशीलाबाईंचं काम बघण्यासारखं होतं. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाची एक खूण. टेपच्या शेवटच्या वीतभर भागाला खडू चोळायचा, खुणेवरून टेप सोडायची, नट पाण्यात बुडाल्याचा आवाज आला की खुणेजवळचा आकडा बघायचा. वर ओढून खडू कुठपर्यंत ओला झालाय ते बघायचं आणि तेवढं वजा करायचं. मग कठड्याची उंची वजा करायची. त्या ही सगळी वजाबाकी तोंडी करत होत्या आणि वहीत एकदाच आकडा लिहीत होत्या. मी ऑफिसात या आकड्यांचे ठिपके आयुष्यभर मांडले. ठिपका असा बनतो हे कधी बघितलं नव्हतं.

चौथ्या विहिरीवर केरबा धनगर मेंढरं घेऊन आला. साठीचा, डोक्याला लाल पटका. विहिरीच्या हौदात पाणी नव्हतं. मेंढरं कोरडा हौद चाटत उभी राहिली.

“काय सत्यशीला, वाढलं का पानी?”

“वाढलं की केरबामामा. भितीवर बगा जाऊन.”

“म्हणूनच म्हणतो, उद्यापासून कळप पंचायतीपुढंच न्यावा. थेंबाला मिशा बी हायत तिथल्या, चांगला जवान थेंब हाय. मेंढरं चाटतील, खंडेराव फोटो काढंल.” मग माझ्याकडं बघून म्हणाला, “हे पाव्हणे?”

“आलेख यांनी काढलाय. पुस्तकातला.”

केरबानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “असं व्हय,” एवढंच म्हणाला आणि मेंढरं वळवून नाल्याकडं गेला. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सातवी विहीर वस्तीची. नळयोजना आल्यापासून ती पिण्याच्या पाण्याच्या यादीतून निघाली होती, म्हणून तिच्याजवळ बोअर घ्यायला कायद्याची आडकाठी उरली नव्हती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. मागच्या वर्षी मेमध्ये खंडेरावाच्या पहिल्या बोअरला ग्रामसभेनं ना-हरकत दिली होती. बोअर विहिरीपासून शंभर पावलांवर होता. त्याच्या पंपाची घरघर ऐकू येत होती. आता एक मेच्या ग्रामसभेत दुसऱ्या बोअरचा ठराव होता.

टेपनं दहा मीटर नव्वद दाखवलं. विहीर साडेबारा मीटर खोल. मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीत, मला पत्र लिहिलं तेव्हा, वहीत सात मीटर वीस होतं.

मी वही हातात घेऊन आकडे पुन्हा पुन्हा बघितले. मग एक मूर्खपणा केला. खिशातून कागद काढून तिथंच ठिपके मांडले; एकदा शून्य वर धरून, एकदा खाली धरून. आपणच काहीतरी उलटं समजत नाही ना, असं मला त्या कठड्यावर बसूनही वाटत होतं. सत्यशीलाबाई बघत राहिल्या.

“सर, आता काय राहिलं बगायचं?”

तेवढ्यात मनकर्णाबाई घागर आणि पोहरा घेऊन आली. पोहऱ्याची दोरी तिनं कठड्यावर टाकली. खाली निळी नायलॉनची, पुढं पिवळी, मग काथ्याची, मग जुन्या पातळाचा पीळ, पुन्हा निळी. प्रत्येक जोडाला मुठीएवढी गाठ.

“एवढे तुकडे का?” मी विचारलं.

“पुरंना की दादा. दर उन्हाळ्याला तुकडा जोडावा लागतो. ही पिवळी करोनाच्या वर्साची. ही काथ्याची बुद्धभूषणचा हात मोडला तव्हाची. हे माझंच पातळ. अन् ही निळी मागल्या वर्साची, बोअर झाला तव्हाची. लई मोठा तुकडा लागला त्या साली.”

मी टेप मागितली आणि दोरीचे तुकडे एकेक करून मोजले. वहीतल्या दरवर्षीच्या मेच्या आकड्यांमधला फरक आणि हे तुकडे जवळजवळ जुळत होते. मागच्या वर्षीचा तुकडा तीन मीटरच्या वर होता. त्याच्यावर माझं नाव लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

“द्या, मी ओढतो,” मी म्हणालो. गाठ कप्पीत आली की अडकायची. मग एका हातानं भार धरून दुसऱ्या हातानं गाठ पलीकडं ढकलायची. तिसऱ्या गाठीला माझा हात सुटला. पोहरा खाली गेला आणि दोरीनं तळहाताचं कातडं नेलं. वर आलेल्या पोहऱ्यात निम्म्यावर गाळ होता.

“सोडा दादा,” मनकर्णाबाई म्हणाली, “पानी बी सांडलं अन् हात बी गेला.” तिनं पदर खोचला आणि गाठीमागून गाठ ढकलत पोहरा वर आणला. पाच खेपांत घागर भरली. ती पासष्टीची तरी असेल.

दुपारी मी आणि सत्यशीलाबाई पंचायतीत गेलो. त्यांनी दोरी खांद्यावर घेतली होती. मी या वेळी चपला काढायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण थांबलो असतो तर पुन्हा शाल निघाली असती.

“सोमनाथ साहेब, भिंतीवरची रेघ पाण्याची नाही, खोलीची आहे. वर गेली म्हणजे पाणी खाली गेलंय.”

सोमनाथांनी माझ्याकडं बघितलं, मग खंडेरावांकडं.

“म्हणजे कसं?” खंडेराव म्हणाले. “रेघ वर गेलीय ना?”

“रेघ वर गेली, कारण खोली वाढली.”

“हां. वाढली ना पण?”

“खोली वाढली! पाणी कमी झालं!”

“साहेब, चिडू नका. तुम्ही वडीलधारे. एकदा म्हणता वाढली, एकदा म्हणता कमी झालं. आम्ही अडाणी माणसं, आम्ही चार्ट बघतो. चार्ट कोणी काढला? तुम्ही.”

“नमुना मी काढला. त्यावर लिहिलं होतं. तुमच्या पेंटरनं गाळलं.”

“मंजे चूक पेंटरची,” खंडेराव समाधानानं म्हणाले. “त्याला बोलवू. राहिलेलं लिहून घेऊ बारीक अक्षरात.”

“बारीक अक्षरात नाही. रेघ उलटी करा. शून्य वर घ्या.”

आता सोमनाथ उठले. “सर, असं कसं करता येईल? तपासणी झालीय, फोटो अपलोड झालेत. रेघ खाली जाताना दिसली तर वरून विचारतील, बक्षीस कशाचं घेतलं? माझी नोकरी आहे हो.”

“बाहेर या अन् विहीर बघा!”

“विहिरीचं वेगळं असतं, सर. चार्टमध्ये ट्रेंड असतो.”

सत्यशीलाबाईंनी खांद्यावरची दोरी टेबलावर टाकली. कप आडवा झाला, चहा सांडला. “हा घ्या ट्रेंड. चार गाठी हायत. मोजा.”

खंडेराव हसले. “दोरी काय आवक रजिस्टरला चिकटवायची काय, सत्यशीला? कागद लागतो कागद. तुझी वही चालत नाय, तू वस्तीची, तुझी विहीर. लेखी पाहिजे. ज्यानं चार्ट काढला त्याचं.”

“मी आत्ता लिहून देतो,” मी म्हणालो. पेन काढलं सुद्धा.

“इथं नका लिहू,” सत्यशीलाबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

“इथं लिहिलं तर हेच म्हणतील, आमच्या घरी राहिले, भाकर खाल्ली, आम्ही लिहून घेतलं. पोष्टानं येऊ द्या. तुमच्या घरून, तुमच्या पत्त्यानं, ग्रामपंचायतीच्या नावानं. शिक्का पडला की यांना रजिस्टरला घ्यावंच लागतंय, अन् सभेत वाचावं लागतंय.” मग माझ्याकडं वळून हळू म्हणाल्या, “पर एक तारखेच्या आत, सर. या बारीला चौदा महिने नाय आमच्याकडं.”

खंडेराव पुन्हा हसले, पण आधीइतके नाही. “साहेब विचार करून लिहा. ते पुस्तक चाळीस गावांत गेलंय म्हणतात. तिथं बी विचारतील तुम्हाला.”

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. नऊ कागद फाडले ते त्यासाठीच.

घरी आल्यावर सुरेखानं हाताला हळद लावून पट्टी बांधली. मी टेबलाशी बसलो. पेन बोटांत धरवत नव्हतं. पहिला कागद पुन्हा तसाच सुरू झाला, ‘सदर आलेख तांत्रिकदृष्ट्या योग्य असून’. तो फाडला. दुसऱ्यात पेंटर आला. तोही फाडला. तिसऱ्यात संचालक आले, त्यांचा फोन आला, आणि मी किती नम्रपणे तोंड उघडलं होतं तेही आलं. सुरेखा भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “त्यात पाणी कुठं आहे?”

चौथा कागद असा झाला.

‘ग्रामपंचायतीस. पुस्तिकेतला पाणीपातळीचा आलेख मी काढला आहे. मी शून्य खाली घेतलं. ते वर हवं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. तुमच्या भिंतीवर वर चढणारी रेघ म्हणजे खाली गेलेलं पाणी. सत्यशीला दाभाडे यांची मोजणी मी स्वतः सोबत राहून तपासली आहे. ती बरोबर आहे. वस्तीच्या विहिरीत एकवीस एप्रिलला तळापासून एक मीटर साठ सेंटिमीटर पाणी उरलं होतं. चौदा महिन्यांपूर्वी पाच मीटर तीस होतं. मधल्या काळात तिच्याजवळ बोअर झाला. दुसरा द्यायचा की नाही हे ग्रामसभेनं ठरवावं, पण पाणी वाढलं आहे असं समजून ठरवू नये. हे पत्र सभेत वाचावं. सोबत शून्य वर घेऊन नव्यानं काढलेला आलेख जोडला आहे.’

आलेख काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण पट्टीमुळं फूटपट्टी सरकत होती. रेघ थोडी वेडीवाकडी आली. ती तशीच ठेवली. चाळीस गावांच्या यादीसाठी संस्थेला वेगळं पत्र लिहिलं. तिथंही हेच कळवायचं होतं.

आणि सत्यशीलाबाईंना एक. त्यांनी दोन ओळी मागितल्या होत्या, दोनच लिहिल्या. ‘तुमची टेप खरी आहे आणि मला मागच्या वर्षीच हे लिहायला हवं होतं. न लिहिल्यानं जे झालं ते माझ्याकडून झालं.’

पोस्टात दुपारची गर्दी होती. खिडकीवरच्या बाईंनी तिन्ही पाकिटं काट्यावर ठेवली.

“स्पीड पोस्टच ना? आत काय आहे?”

“कागद. एका पत्राचं उत्तर आहे.”

“कधीच्या?”

हे फॉर्ममध्ये लिहायचं असतं की त्या नुसतं विचारत होत्या, मला कळेना. मी खरं सांगितलं. “मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीतल्या.”

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “मग आता स्पीड कशाला काका? साधं टाका. एवढी काय घाई?”

मागं कोणीतरी हसलं. एरवी मी साधंच टाकून आलो असतो.

“एक तारखेच्या आत पोचलं पाहिजे,” मी म्हणालो. “पोचेल ना?”

“आज चोवीस. पोचेल.” त्यांनी ठप्पा मारला, एकावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, आणि पाकिटं मागच्या गोणीत टाकली. “पोहोच-पावती पाहिजे?”

“पाहिजे,” मी म्हणालो. “तिन्हींची.”